राक्षस आमच्या घरचा

५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार, पाया पडते, मिठी मारते, सगळं एकदमच. बातमी आधी सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल. मी काल एक वेबसाइट बंद केली! आख्खी! सरकारतर्फे!

कागदावर का लिहितेय असं वाटेल तुला. आमच्या ऑफिसात फोन दारावरच्या कपाटात जमा करावे लागतात, आणि इथल्या कॉम्प्युटरवरून काहीही पाठवलं की ते आधी मोठ्या मॅडम वाचतात. म्हणून जेवणाच्या सुट्टीत जुन्या जमान्यासारखं पत्र. मजा येतेय, फक्त चुकलेलं डिलीट होत नाही.

'फाइल-चोरी प्रतिबंध कक्ष' म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही हातात बॅटरी घेऊन धाडी टाकतो. ॲक्च्युली एक खोली आहे, थोडी टेबलं, एक गळका वॉटर कूलर आणि एक मशीन. कुठली कंपनी ओरडली की 'आमचं गाणं चोरलं', की मशीन दोन्ही फाइली ऐकतं आणि किती टक्के जुळतात ते सांगतं. त्याचं सरकारी नाव वाचायला दम लागतो, म्हणून आम्ही त्याला दीडशहाणा म्हणतो. मागे त्याने एका बासरीवाल्याला कुकरची शिट्टी चोरल्याबद्दल पकडलं होतं.

तर साइटचं नाव 'घेऊन-जा'. कोणीही काहीही ठेवा, कोणीही घेऊन जा. एका सिनेमा कंपनीची तक्रार आली की त्यांच्या नव्या सिनेमातल्या राक्षसाची डरकाळी तिथे फुकट मिळते. धरण फोडून वर येतो तो राक्षस, पोस्टर बघितलं असशील. दीडशहाणा म्हणाला, शहाण्णव टक्के जुळतंय. मॅडमनी सही केली आणि मी क्लिक केलं. आता ती साइट उघडली की पाटी दिसते, 'ही वेबसाइट सरकारने बंद केली आहे'. पाटी मी बनवली! मी लाल रंग म्हणत होते, मॅडम मरून म्हणाल्या. शेवटी मरून.

काकांचं नाकाचं ऑपरेशन झक्क झालं असं आई म्हणाली. घोरणं बंद! तीस वर्षांनी सुटलीस गं!

तुझी,
टकळी


११ फेब्रुवारी

टकळे,

तुझं पत्र मिळालं. मी ते दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवलं. एका बाईंच्या कमरेला टेप गुंडाळलेली होती, त्यांना तशीच उभी ठेवून वाचलं. आमच्या घराण्यात आजवर कोणी काही बंद केलं नव्हतं, सुरू केलेलंसुद्धा धड नाही.

काकांनाही सांगितलं. खूश होतील वाटलं, तर चेहराच उतरला. "बंद म्हणजे कायमची?" असं दोनदा विचारलं आणि जेवण अर्धवट टाकून उठले. त्यांना त्यातलं काय कळतंय? दिवसभर लोकांना गाडी शिकवायची आणि घरी येऊन माझ्यावर ब्रेक मारायचा.

ऑपरेशन उत्तम झालं. आता तान्ह्या बाळासारखे झोपतात. हूं नाही की चूं नाही. ओंडक्यासारखे पडून असतात, बोटसुद्धा हलत नाही. मला फार आनंद झालाय. सगळ्यांना मी सांगते, मला फार आनंद झालाय.

सहज विचारते हं. साइट बंद झाली की तिथे ठेवलेल्या लोकांच्या वस्तूंचं काय होतं? म्हणजे समज, एखाद्या बाईने काही घरगुती ठेवलं असेल. माझं नाही, शेजारच्या बाईंचं. मी दुकान बंद केलं तरी शिवायला टाकलेला कपडा गिऱ्हाइकाला परत देतेच ना? सरकार माझ्यापेक्षा मोठं असलं म्हणून काय झालं?

लवकर कळव. शेजारच्या बाईंना त्या दिवसापासून धड काजं करता येत नाहीयेत.

तुझी मावशी

ता. क. उत्तर दुकानाच्या पत्त्यावरच टाक. घरी आलेली पत्रं काका उघडतात, आणि फोनवर मला कुजबुजता येत नाही हे तुला माहीत आहे.


१५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

शेजारच्या बाई पण शिवणकाम करतात का? तुझ्या एका बाजूला दातांचा दवाखाना आहे आणि दुसऱ्या बाजूला भिंत!

मावशी, खरं सांग. तू चोरीचे सिनेमे बघतेस का? मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण प्रेमाने. अगं, एक सिनेमा बनवायला किती लोक राबतात! लाइटवाले, मेकअपवाले, कपडे शिवणारे! तुझेच जातभाई! आणि तू फुकट बघतेस? सख्खी मावशी? मला इथे परवाच 'प्रामाणिक प्रेक्षक' या विषयावर भाषण करायला लावलं, त्यात मी उदाहरण म्हणून तुझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या!

आता नियम सांगते. तुझी वस्तू खरंच तुझीच असेल तर परत मिळू शकते. पण लिहून द्यावं लागतं. फाइलचं नाव काय, आवाज कुणी रेकॉर्ड केला, आणि आवाज ज्याचा आहे त्या कलाकाराची लेखी संमती.

तर सांग. कलाकार कोण? आजीची गाणी आहेत का गं? मला उगाच रडू येतंय.

तुझी,
टकळी


२० फेब्रुवारी

टकळे,

शेजारच्या बाई मीच.

आजी कधी गायली नाही. ती शेवटपर्यंत फक्त ओरडली. मी सिनेमेही चोरत नाही. मी तिथे तुझ्या काकांचं घोरणं ठेवलं होतं.

हस. हसून झालं की पाणी पी, आणि पुढचं वाच.

तीस वर्षं मी त्या घोरण्याच्या नावाने बोटं मोडली. उशा फेकल्या, कानात कापूस कोंबला, एकदा रागाने दुकानात जाऊन कापड कापायच्या टेबलावर झोपले. शेवटी काकांनी माझ्यासाठी ऑपरेशन करून घेतलं. भेट म्हणून! नाकावर पट्ट्या, डोळ्यांत पाणी, आणि माझ्याकडे बघून हसतायत. बायकांना नवरे साड्या देतात, घड्याळं देतात. मला नाक दिलं.

त्याच्या वर्षभर आधी मी ते एकदा फोनवर रेकॉर्ड केलं होतं. पुढे कधी म्हणाले की 'मी कुठे घोरतो', तर तोंडावर फेकायला. मग फोन भरला. समोरचा मोबाइलवाला म्हणाला, "घेऊन-जावर टाका मावशी, सुरक्षित राहील." सुरक्षित म्हणे! येऊ दे आता पँट घेऊन, गुडघ्याला संपवते.

ते दवाखान्यातून घरी आले आणि दिवा घालवल्यावर एकदम शांत झालं. मला वाटलं फ्रिज बंद पडला. उठून बघून आले. फ्रिज चालू होता. बंद काय पडलं होतं ते मग कळलं. डोळ्याला डोळा लागेना गं. शेवटी कानात ते बारकं यंत्र घातलं, त्यांच्याकडे पाठ केली आणि ती फाइल लावली. अशी झोप लागली की सकाळी दूधवाला दोनदा येऊन गेला. तेव्हापासून रोज. आणि आता त्याच्यावर तू मरून पाटी लावलीस.

काल एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी टोकाला शिवून बंद केल्या. बिचारा आरशासमोर उभा राहून म्हणतो, "बाई, हात बाहेर येत नाहीत." मी म्हटलं, "थंडीत बरं." वर त्यालाच रागावले.

काकांना हे कळता कामा नये. माझ्यापायी नाक पोखरून घेतलं त्यांनी. आता कुठल्या तोंडाने सांगू, की अहो, तुमची भेट मला चावते? त्यामुळे संमती-बिंमती मागू नकोस. कलाकार म्हणे!

फाइलचं नाव 'ह्यांचं'. दुसरं काय ठेवणार?

मावशी


२५ फेब्रुवारी

मावशी,

बसली आहेस ना? नसलीस तर बस. सुई खाली ठेव.

'ह्यांचं' हीच ती फाइल! जिच्यामुळे सगळी साइट बंद झाली ती! सिनेमा कंपनीने 'आमच्या राक्षसाची डरकाळी' म्हणून तक्रार केली ते काकांचं नाक आहे!

मी पुरावा म्हणून ठेवलेली फाइल ऐकली. आधी घर्रर्र, मग फुस्स, मग एक बारीक शीळ, आणि मध्येच तू, "अहो, कुशीवर वळा!" मग पलंग करकरतो, थोडा वेळ शांत, आणि परत घर्रर्र. मॅडमचं लक्ष होतं म्हणून मी ओठ चावून बसले.

मग स्वतःचं तिकीट काढून सिनेमाला गेले. मावशी, धरण फुटतं, राक्षस तोंड उघडतो, आख्खं थिएटर किंचाळतं, आणि डरकाळी संपता संपता, व्हायोलिनच्या खाली, एकदम बारीक ऐकू येतं: "अहो, कुशीवर वळा." आणि राक्षस खरंच वळतो! त्या बाजूला शहर असतं म्हणून ते तुडवतो, ती गोष्ट वेगळी.

म्हणजे चोर तेच! साइटवरून तुझी फाइल उचलली, सिनेमात घातली, आणि वर तीच फाइल चोरीची म्हणून आमच्याकडे आले. चोराच्या उलट्या बोंबा! आणि मी, मूर्ख, त्यांच्यासाठी मरून पाटी बनवत बसले.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला या केसवरून काढलं, कारण राक्षस माझा नातेवाईक आहे. आता मी फक्त चहा आणि खुर्च्या बघते. पण त्यांनी सुनावणी लावली. कंपनीचे वकील म्हणतात, की आवाज त्यांच्या कलावंताने वाघ, उंट आणि तुंबलेला पाइप मिसळून बनवला, सिनेमा लागायच्या आधीच तो स्टुडिओतून फुटला, आणि ती बाई म्हणजे नायिकेची अस्फुट किंकाळी आहे. वर म्हणतात, खरंच कुणाचं घोरणं असेल तर त्या माणसाने समोर घोरून दाखवावं.

आणि काका तर आता घोरू शकत नाहीत! उरलीस तू. तुला इथे येऊन दीडशहाण्यासमोर ते एक वाक्य म्हणावं लागेल. जुळलं तर फाइल तुझी. नाही जुळलं तर कंपनीची, आणि मग कायमची पुसतील.

टकळी


२७ फेब्रुवारी

चि. टकळीस,

अनेक आशीर्वाद. हे मी शिकाऊ गाडीत बसून लिहितोय. अक्षर हललं तर समजून घे, एक आजोबा गाडी मागे घ्यायला शिकतायत.

माझ्या एका मित्राचं काम आहे. तू जी साइट बंद केलीस तिथे त्याची एक फाइल

जाऊ दे. मित्र नाही, मीच. मावशीला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

ऑपरेशननंतर माझी झोप गेली. फोनवर झोपेचे आवाज शोधत होतो. समुद्र झाला, पंखा झाला, मग 'ह्यांचं' म्हणून काहीतरी निघालं. लावलं. आपलं नाक आपल्याला चटकन ओळखू येत नाही, पण थोड्या वेळाने तुझी मावशी बोलली, "अहो, कुशीवर वळा," आणि मी सवयीने वळलो.

तिने चारचौघांत माझी अब्रू काढायलाच ते तिथे टाकलं असणार. टाकू दे. तीस वर्षं ऐकलंय तिने, तेवढा हक्क आहे. मला राग नाही.

पण बघ, ती रोज मला ते म्हणायची. कितीही चिडलेली असो, दिवसभर अबोला असो, तेवढं एक वाक्य असायचंच. आता तिला म्हणायला कारणच उरलं नाही. दिवा घालवते, भिंतीकडे तोंड करते आणि गाढ झोपते. बरं वाटतं बघून. मी हललो तर तिची झोप मोडेल म्हणून लाकडासारखा पडून राहतो. कानात ती फाइल लावायचो, ती बोलायची वाट बघायचो, ती बोलली की हळूच अर्धा वळायचो, आणि मग लागायची झोप.

आता पाटी दिसते. रंग छान आहे.

हल्ली मला सिग्नलला डुलकी लागते. परवा एका विद्यार्थ्यानेच मला घरी आणून सोडलं. चांगला चालवतो. तर तेवढं काही करता आलं तर बघ. आजोबांनी आत्ताच कचऱ्याचा डबा पाडला, थांबतो.

तुझा काका


३ मार्च

प्रिय मावशी,

सुनावणी दहा तारखेला सकाळी आहे. येताना काकांना घेऊन ये. का ते विचारू नकोस. ड्रायव्हर म्हणून आण! हवापालट म्हणून आण! मला कोणाचं काहीही माहीत नाही, मी कोणालाही काहीही सांगितलेलं नाही, आणि माझ्या पोटात इतकं दुखतंय की मॅडमनी मला ओवा दिला.

टकळी


६ मार्च

टकळे,

येते. काकांना सांगितलंय की तुझ्या ऑफिसात पडद्यांची मापं घ्यायची आहेत. लगेच तयार झाले, मलाच संशय आला. गाडी मात्र त्यांना देणार नाही, बसने येऊ. काल दारातली कुंडी त्यांना दिसली नाही. त्यांना म्हटलं, एवढं झोपता तरी डोळे कसे उघडत नाहीत हो?

तुझ्या त्या वकिलाला सांगून ठेव. माझ्या नवऱ्याला राक्षस म्हणायचा अधिकार फक्त मला आहे. आणि उंट कोण म्हणालं ते मला दाखव.

मावशी


११ मार्च

प्रिय काका,

काल जे झालं ते तुम्ही झोपेत होतात म्हणून लिहून कळवते. ढोपराला आयोडिन लावलं का?

तुम्ही कूलरजवळच्या खुर्चीवर बसलात आणि मी चहा आणेपर्यंत तुमची मान मागे, तोंड उघडं. पण आवाज शून्य. डॉक्टर भारी आहे हं तुमचा. इकडे मावशीला दीडशहाण्यासमोर उभं केलं. तिने पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि शाळेत कविता म्हणतात तसं म्हणाली, "अहो... कृपया कुशीवर वळा." 'कृपया'! मावशी! दीडशहाणा म्हणाला, एकतीस टक्के. परत म्हणाली. एकोणतीस. वकील पेनाचं टोपण लावायला लागले.

मॅडमनी विचारलं, "बाई, या फाइलमध्ये तुमचा एवढा जीव का?" तेव्हा मावशी काय म्हणाली ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तिला शब्द दिलाय. पण सुनावणीची नोंद सगळ्यांना वाचायला खुली असते, असा नियम आहे, म्हणून त्यातलं एक पान सोबत जोडते. लाल रेघ चुकून पडली आहे. वाचा. दोनदा वाचा. आणि काका, तिने ती फाइल अब्रू काढायला नव्हती हो टाकली.

तेवढ्यात तुमची मान आणखी मागे गेली आणि खुर्ची वाकडी झाली. मावशीने ते बघितलं. सरकार विसरली, वकील विसरली, आणि कूलरमधलं पाणी हलेल अशा आवाजात ओरडली, "अहो, कुशीवर वळा!"

तुम्ही वळलात. खुर्चीला कूस नसते काका. तुम्ही खाली आलात आणि तसेच, कुशीवर, झोपून राहिलात. वकीलसुद्धा थोडे वळले, मी पाहिलं. दीडशहाणा म्हणाला, नव्व्याण्णव टक्के.

वकिलांनी तक्रार मागे घेतली. मॅडमनी सुनावलं, "तुमच्या नायिकेची किंकाळी जरा जास्तच संसारी आहे." कंपनी विचारत होती, भरपाई काय द्यायची. मावशी म्हणाली, "सिनेमाच्या शेवटी शिंप्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं येतात, मग राक्षसाचं का नाही?"

साइट उद्या उघडतेय. बंद करायला एक क्लिक लागलं होतं, उघडायला सह्यांचा ढीग. मी माझी पाटी आठवण म्हणून छापून घरी नेली.

आता माझं पोट रिकामं झालं. तुमचं गुपित मात्र अजून माझ्याकडेच आहे. ते तुम्ही स्वतः तिला सांगायचं. टकळी मी आहे, पोस्टमन नाही.

तुमची,
टकळी


२४ मार्च

टकळे,

काल आम्ही तो सिनेमा बघून आलो. पैसे देऊन, प्रामाणिक प्रेक्षक म्हणून, तुझ्या भाषणाची लाज राखायला. राक्षस बाहेर आला तेव्हा काका हळूच म्हणाले, "एवढा मोठा?" मी म्हटलं, "याहून मोठा. यांनी कमी केलाय." शेवटी नावं आली. राक्षसाच्या आवाजासमोर त्यांचं, आणि खाली 'राक्षसाला वळवणाऱ्या' म्हणून माझं. लोक उठून चालले होते, हे मात्र दिवे लागेपर्यंत उभे. एका अनोळखी माणसाला हाताला धरून थांबवला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी मला सगळं सांगितलं. ते तुझं पान खिशात घडी करून ठेवलं होतं, ते काढलं, आणि मग बोलले. म्हणजे बघ, मी भिंतीकडे तोंड करून, ते लाकडासारखे, दोघांच्या कानात एकच फाइल, आणि दोघांना वाटतंय दुसरा सुखाने झोपलाय. तीस वर्षांच्या संसारात एवढं खोटं आम्ही कधी बोललो नव्हतो.

फाइल परत आली. आता तिथे कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती ऐकून झोपतात म्हणे. झोपू देत. मोबाइलवाल्याची पँटही मी बरोबर शिवून दिली. कोटवाल्याचे हात बाहेर आले.

काल आल्यावर मी दिवा घालवला आणि म्हटलं, "अहो, कुशीवर वळा."

ते म्हणाले, "मी घोरत नाहीये."

मी म्हटलं, "माहीत आहे."

वळले.

तुझी मावशी